पिलोच्या क्यूची शेंबी

१८ ऑक्टोबर, शनिवार

लुदिंगने दुबईहून पाठवलेलं खोकं आज आलं. आत लेथ. "तातांग, पाठवते हं," असं ती फोनवर म्हणाली होती, तेव्हा मी हो म्हणालो नव्हतो आणि नाहीही म्हणालो नव्हतो. बाप गप्प राहिला की त्याचा अर्थ हो, हे तिला तिच्या आईने शिकवून ठेवलं आहे.

लेथ कसला, लेथाचं पिल्लू. ज्यावर मी चव्वेचाळीस वर्षं पलंगांचे खांब आणि जिन्यांचे कठडे कातले, त्याच्या एका चाकाएवढाही नाही. बिलियर्डच्या क्यूला, म्हणजे काठीला, चामड्याची टिप चिकटवायची आणि ती कातून टोकाशी बरोबर करायची, एवढ्यासाठीच हा. सोबत तेलकट कागदात गुंडाळलेली तीन पाती. त्यातलं एक उलगडताना अंगठा कापला आणि रक्त दिसेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही.

सेपा, लुदिंगची आई, जाऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत मी काहीच कातलेलं नाही. सकाळी उठायचं, दार लावून घ्यायचं, शाळेतल्या कविता एकामागून एक म्हणत पडायचं. साठ वर्षांपूर्वीची कडवी तोंडपाठ आहेत आणि काल काय जेवलो ते आठवत नाही.

मला कोया, म्हणजे दादा, म्हणणाऱ्या मेरिंगने तिच्या बिलियर्डच्या हॉलमध्ये खिडकीजवळचा कोपरा दिला आहे. भाडं विचारलं तर म्हणाली, "कोया, घरी भिंतीशी बोलण्यापेक्षा इथे येऊन माझ्याशी भांडा. तेच भाडं."

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक पिलो. दुसरं कोण असणार? पहिलीपासून माझ्या बाकावर, लुदिंगच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून एकमेकांना पारे म्हणतो. आमच्या बेतिस गावात पंधराव्या वर्षापासून रोज, वादळ असो की मयत असो, बिलियर्ड खेळणारा हा एकच माणूस.

त्याचा क्यू त्याच्या वडिलांनी केलेला. लाकूड फुटू नये म्हणून टोकाला शेंबी असते. याची शेंबी त्यांच्या घरच्याच रेड्याच्या शिंगाची, काळी, पेरभर उंच. त्या शेंबीवर टिप बसते.

जुनी टिप उडवली. शेंबीचं तोंड सपाट केलं. करताना हात जरा जडच पडला, तांदळाच्या दाण्याएवढं शिंग उगाच गेलं. डुकराच्या कातड्याचे सात पापुद्रे दाबून केलेली नवी टिप चिकटवली. ती शेंबीहून रुंद असते. बाजूचं चामडं कातून काढायचं. पातं शेंबीकडून बाहेर, टोकाकडे नेलं. लाकूड आम्ही असंच काततो, आतून बाहेर, टोकाशी हात मोकळा करायचा. मग थुंकी लावून चामड्याच्या तुकड्याने घासघासून चकाकी आणली.

पिलोने क्यू खिडकीत धरला, कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मस्त," म्हणाला.

"मग एवढा वेळ काय बघत होतास?"

"मस्त वस्तू वेळ घेऊन बघावी, पारे. घाई करायला मी काय तुझा जावई आहे?"

आज भूक लागली. भात दोनदा घेतला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पिलो टिप घेऊन परत. आठवड्यात खलास. एका बाजूने पार भुगा झालेली. चांगली टिप चार-चार महिने चालते.

"तुझी चूक नाही रे," तो घाईघाईने म्हणाला, मी काही विचारलंही नव्हतं. "मीच हल्ली जोरात मारतो. वयाबरोबर ताकद वाढते आहे."

"जिना चढताना कुठे जाते ही ताकद?"

"ती मी जपून ठेवतो. बायकोला दाखवत नाही."

दुसरी बसवली. जुन्या टिपेत खडूची निळी पूड असायला हवी, ती नव्हती. करडी धूळ होती, बारीक, कचकचीत. ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हाची राख अजून आमच्या कौलांतून गळते. तीच असावी. बारा वर्षं झाली तरी ती राख कशाकशात शिरून बसते, त्यावर एक कविता करता येईल. दोन ओळी जुळल्या, तिसरी आली नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज मृतांचा सण, दिवसभर दफनभूमीत. सेपाच्या थडग्याला पांढरा रंग दिला, मेणबत्त्या लावल्या, भात आणि डुकराचं मांस तिथेच जेवलो. सगळं गाव तिथेच असतं, पत्ते खेळतात, रेडिओ लावतात. सेपाला आवडलं असतं. तिला माणसं लागायची. मला ती लागायची.

दुपारी पिलो आला, आणि येताना, देवाशपथ, क्यू घेऊन आला. दफनभूमीत.

"टिप गेली, पारे."

"पाच दिवसांत?"

"उद्या सकाळी बसव. सोमवारपर्यंत मला धीर निघत नाही."

मग जुनी आठवण निघाली. सहावीत आमची कवितेची जुगलबंदी लागली होती, चंद्र मोठा की कंदील. मी चंद्राकडून. बारा कडवी केली होती, चांदीची, चंदनाची, क्षीरसागराची. पिलो कंदिलाकडून. त्याने उठून एवढंच विचारलं, "चंद्राच्या उजेडात आजवर कुणाची हरवलेली चप्पल सापडली आहे?" वर्ग हसला, बाई हसल्या, आणि बक्षीस त्याला. तो निकाल चुकीचाच होता. आज पुन्हा सांगितलं त्याला.

"सत्तावन्न वर्षं झाली," तो म्हणाला. "वरच्या कोर्टात जा."

९ नोव्हेंबर, रविवार

तिसरीही गेली. आज चौथी बसवली. शेंबी अर्धी उरली आहे. दर वेळी नव्या टिपेसाठी तिचं तोंड सपाट करावं लागतं आणि दर वेळी माझा हात जड पडतो. अशा आणखी तीन-चार टिपा, की खाली नुसतं लाकूड. त्या रेड्याचं शिंग आता कुठून आणायचं?

पिलो टिपेबद्दल काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. खिडकीत बसतो, मी काम करताना माझ्या हाताकडे बघतो, चार गप्पा मारतो, जातो.

तो गेल्यावर मेरिंग म्हणाली, "कोया, हा पिलो आठवडाभर इथे टेबलाला हातसुद्धा लावत नाही. याची टिप झिजते कुठे?"

"लुबाओला जात असेल खेळायला."

"लुबाओला? गुडघे धरून बाजारात जातो तो माणूस."

मला वाटतं तो मला कमीपणा नको म्हणून दुसऱ्या गावी खेळतो. माझी टिप इथे, सगळ्यांसमोर, फसलेली दिसायला नको. म्हणजे इतकी ती वाईट आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात बसवत नाही, हॉलमध्ये बसवत नाही. तिन्ही पाती पुन्हा धारेला लावली. दगडावर, मग चामड्यावर, मग स्वतःच्या पट्ट्यावर. हातावरचे केस उडतात इतकी धार आहे, आणि तरी कातलेल्या कडेला भिंगातून बघितलं तर पापुद्रे सुटलेले, जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे. गोंद बदलला. वेग कमी केला, वाढवला. चार टिपा नुसत्या सरावात वाया घातल्या.

चव्वेचाळीस वर्षं माझ्या हातून लाकूड असं निघायचं की लोक चर्चमधला मेणबत्तीचा खांब बघून म्हणायचे, हा सोयलोने कातलेला. आता बोटभर चामडं ऐकत नाही. हात गेला असं वाटतं. कदाचित सेपा जाताना तोही घेऊन गेली.

लुदिंगचा फोन आला. "तातांग, विकायचं मनात आणू नका हं." मी तसं काही म्हणालोच नव्हतो. गप्प होतो.

पण विचार ठरतो आहे. फर्निचरवाला एलियास मागे म्हणाला होता, बारीक कामाला असा लेथ मिळाला तर घेईन. पुढची टिप महिनाभर टिकली तर ठीक. नाही टिकली तर लेथ त्याच्याकडे, आणि मी घरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मेरिंग सिसिगसाठी डुकराचे उकडलेले कान चिरत होती. मी लेथाजवळ बसून उगाच बघत होतो. कानालाही पापुद्रे असतात, कातडं, मधे कुरकुरीत हाड, पुन्हा कातडं. सुरी वरून खाली फळीवर दाबली की काप स्वच्छ पडतो. माझ्याशी बोलता बोलता तिने एक तुकडा हातात उचलला आणि खालून वर कापला, तर कातडं सोलून आलं.

"फळीच्या आधाराने काप ना," मी म्हणालो.

"म्हणजे आता स्वयंपाकही तुम्ही शिकवणार? ज्याची टिप पाच दिवस टिकत नाही तो?"

हे ऐकलं आणि मी उठलोच. टिपेला फळी कुठली? शेंबी. आणि मी तर पातं शेंबीकडून बाहेर नेत होतो, आधार सोडून हवेत. लाकडाला पापुद्रे सुटत नाहीत, म्हणून कातारी तसं करतो. मी आयुष्यभर लाकडाचाच कातारी. चामड्याला लाकूड समजलो.

पातं उलटं लावलं. टोकाकडून आत, शेंबीकडे, हळू. चामड्याची साल एका अखंड धाग्यात निघाली आणि गोल गोल होत माझ्या मांडीवर पडली. भिंगातून कड पाहिली. सातही पापुद्रे, एकाला एक घट्ट.

मेरिंगला दाखवायला गेलो. तिने कांदा चिरता चिरता बघितलं आणि म्हणाली, "छान. डोळे पुसा." कांदा तिखट होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना सुटल्यावर पिलोला गाठलं. त्याच्या हातात क्यू होताच, चौथीही गेलेली. नव्या रीतीने पाचवी बसवली. या वेळी शेंबीला पातं जेमतेम लागू दिलं. त्याने अंगठा फिरवला. पुन्हा नाही फिरवला. माझ्याकडे बघत राहिला.

"काय केलंस, पारे?"

"तुला काय करायचंय? नीट ऐक. ही एक महिना टिकायला हवी. नाही टिकली तर मी लेथ विकतो आणि हा कोपरा सोडतो. एलियासशी बोलून ठेवलंय."

त्याचा चेहरा पडला. 

"विकायचं कशाला? मी काही म्हणालो का?"

"तू काही म्हणत नाहीस, हेच तर."

क्यू छातीशी धरून गेला. जाताना पाठीवर थापही मारली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आला नाही. म्हणजे टिप टिकली, असं मनाला सांगतो. मन म्हणतं, मग सांगायला का आला नाही?

१ डिसेंबर, सोमवार

आज दिवसभर दाराकडे बघत होतो. एक तरुण माणूस त्याचा क्यू घेऊन आला, टिप बसवून दिली, खूश झाला. नाव विचारायचं राहिलं. दाराशी सावली पडली की मान वर जायची. मेरिंग म्हणाली, "कोया, मान मोडेल. खुर्चीच फिरवून देऊ का?"

पिलोच्या घरी गेलो. सून म्हणाली, बाहेर गेलेत. परसातून कोंबड्यांना हाकलतानाचा आवाज मात्र हुबेहूब त्याचा होता. सून तोंड फिरवून कपडे वाळत घालत राहिली. मी परत आलो.

टिप गेली असणार. तोंड दाखवायची लाज वाटते त्याला, माझ्यासाठी. साठ वर्षांची मैत्री एका चामड्याच्या चकतीवर अडकली आहे. याच्यावर कविता होईल असं वाटलं होतं, पण होत नाही. कागद घेतला, खिडकीची काच पुसली, ठेवून दिला.

८ डिसेंबर, सोमवार

लुबाओहून एक ओळखीचा आला होता. त्याला विचारलं, पिलो तिकडे येतो का खेळायला? म्हणाला, पिलो? तीन वर्षांत नाही बघितला.

मग खेळतो कुठे?

मेरिंगकडे बघितलं तर ती शीतपेटीत बाटल्या रचत होती. चार बाटल्या, पाच वेळा रचल्या.

१३ डिसेंबर, शनिवार

एलियास तीन चाकी गाडी घेऊन लेथ न्यायला आला. त्याला म्हणालो, महिना मंगळवारी भरतो, तेवढं थांब. म्हणाला, "म्हातारबुवा, मंगळवारी माझ्याकडे गाडी नसते."

मेरिंग मधे पडली. "मग बुधवारी ये. लेथ काही नवरी नाही, पळून जात नाही."

तो गेल्यावर मी पाती पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळली. पुन्हा उलगडली. पुन्हा गुंडाळली.

१४ डिसेंबर, रविवार

हे सावकाश लिहायला हवं.

दुपारी पिलो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात क्यू, दोन्ही हातांनी धरलेला, मिरवणुकीतल्या मूर्तीसारखा. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, चार आठवडे. जशीच्या तशी. सोयलोची टिप."

मी क्यू घेतला. खिडकीत गेलो. भिंग लावलं.

जशीच्या तशीच होती. मी थुंकी लावून घासलेली चकाकी तशीच्या तशी. खडूचा एक कण नाही. चेंडू लागला की चामड्यावर बारीक खळगे पडतात, पहिल्याच दिवशी पडतात. एकही खळगा नाही.

"रोज खेळलास?"

"रोज."

"कुणाबरोबर?"

"असेच. येणारे-जाणारे."

"पिलो, ही टिप चेंडूला लागलेलीच नाही."

तो मेरिंगकडे बघायला लागला. ती आत निघून गेली. टेबलावर दोघं खेळत होते, त्यांनीही खेळ थांबवला.

"टिकायला हवी म्हणालास," पिलो शेवटी म्हणाला. "मग म्हटलं, नाही खेळलो तर टिकेल."

"महिनाभर?"

"अठ्ठावीस दिवस. मोजून. बायको म्हणाली, घरात पायात पायात येतोस, मर तरी नाहीतर खेळ तरी."

मला बसावंसं वाटलं. बसलो. पंधराव्या वर्षापासून रोज खेळणारा माणूस अठ्ठावीस दिवस कोंबड्या हाकलत बसला.

"आणि आधीच्या चार?"

"पहिली तू बसवलीस ना, तिची कड उचकटलेली होती. अंगठ्याला लागत होती. सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे उठून घरी गेला असतास आणि दार लावून घेतलं असतंस. मग मी ती घराच्या पायरीवर घासली. सिमेंटवर. म्हटलं पुन्हा करेल, हात बसेल. मग दुसरी. मग तिसरी."

"अरे, शेंबी संपत आली ना तुझी. तुझ्या बापाची."

"बाप म्हणाला असता, क्यूचं शिंग गेलं तर जाऊ दे." मग माझ्या हातातल्या शेंबीकडे बघून, "नाही, बाप चिडला असता. पण बाप नाहीये ना."

मला राग आला, खूप. किती आणि कशाचा, ते नीट लावता येत नव्हतं. महिनाभर मी स्वतःचे हात शापत होतो, पाती घासत होतो, सेपाला बोल लावत होतो, आणि हा आपल्या पायरीवर बसून माझं काम सिमेंटवर घासत होता, चांगुलपणा म्हणून. त्याला तसं म्हणालो. बरंच बोललो. मूर्ख म्हणालो, आणखीही काही म्हणालो जे इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" म्हणाला.

"नाही झालं. चेंडू लाव."

"आत्ता?"

"आत्ता. आणि जोरात मार. कुठे जपून ठेवलीयस ती ताकद?"

त्या दोघांनी टेबल सोडून दिलं. मेरिंगने चेंडू त्रिकोणात लावले. पिलोने टिपेला खडू घासला. पहिला फटका इतका वाईट की पांढरा चेंडू उडून शीतपेटीवर आदळला. कुणी हसलं नाही. दुसऱ्याने चेंडू फुटले. मग तिसरा, चौथा, आणि हळूहळू त्याचे खांदे खाली आले आणि तो माझ्याकडे बघायचंच विसरला.

तीन तास खेळला. मी टेबलाभोवती त्याच्या मागे मागे. त्याला त्रास झाला असेल, पण बोलला नाही.

मग भिंग लावलं. सगळीकडे खळगे. निळा खडू खोल शिरलेला. एका बाजूला चामडं केसभर बाहेर फुगलेलं, चांगल्या टिपेचं पहिल्या दिवशी फुगतंच. कडेचे सातही पापुद्रे घट्ट. अंगठा फिरवला, दोनदा. मग क्यू लेथाला लावला, पातं टोकाकडून शेंबीकडे नेलं, केसभर साल काढली आणि परत दिला.

"आता चार महिने इकडे आणू नकोस," मी म्हणालो.

"चार?"

"चार. पाचही चालेल."

तो बराच वेळ टिपेकडे बघत राहिला. एवढी चांगली बातमी ऐकून माणसाने असं तोंड का पाडावं?

१७ डिसेंबर, बुधवार

एलियास गाडी घेऊन आला, रिकामीच घेऊन गेला. त्या तरुण माणसाने आणखी दोघांना पाठवलं आहे. कोपऱ्यात तीन क्यू उभे आहेत. लुदिंगला फोन केला, ती फोनवर रडली. का, ते विचारलं नाही.

कालपासून पुन्हा चैन नाही. सगळं नीट झालं आणि तरी दाराकडे मान जाते. सांगून टाकलं, चार महिने. उगाच सांगितलं. दोन म्हणायला हरकत नव्हती.

दहाच्या सुमाराला पिलो आला. हात रिकामे.

"क्यू कुठाय?"

"घरी."

"टिपेला काही झालं?"

"काही नाही. चांगली आहे."

"मग कशाला आलास?"

त्याने मेरिंगची खुर्ची ओढली, खिडकीतली माझी पाती जरा बाजूला सरकवली आणि बसला. तीन क्यूंचं काम तसंच राहिलं. दुपारच्या जेवणापर्यंत बसला होता.